ओळखीचे वाटते, पण आठवते का?

एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हाती पडलेला इंग्रजी शोधनिबंध भल्याभल्यांना घाम फोडतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर दोष आपल्या इंग्रजीचाच वाटतो. मग तोच निबंध पुन्हा पुन्हा वाचायचा, निम्म्या ओळी हायलायटरने पिवळ्या करायच्या. चौथ्या वाचनात वाक्ये ओळखीची होतात आणि जीव भांड्यात पडतो. गोची नेमकी इथेच आहे.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने छोटा उतारा चार सत्रांत सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि पुढची तीन सत्रे उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आठवड्यानंतरही आपल्या चांगले लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती!

मजकूर समोर असताना ओळखू येणे वेगळे आणि तो मिटल्यावर आठवणे वेगळे. सरावाने वाढते ती बहुधा पहिली गोष्ट, आणि आत्मविश्वास तिच्यावरच बेततो.

शोधनिबंध अर्थातच छोट्या उताऱ्यापेक्षा किचकट. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ मध्ये त्यासाठी तीन फेऱ्यांची पद्धत मांडली. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षके, निष्कर्ष. दुसरी तासाभराची, आकृत्या आणि आलेख नीट पाहायचे, सिद्धता सोडून द्यायच्या. तिसरी सगळे बारकावे तपासणारी. तिला नवख्या वाचकाला चार-पाच तास लागतात, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तासाभरात समजले नाही म्हणून स्वतःला 'ढ' ठरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय प्रत्येक निबंधाला तिन्ही फेऱ्या लागतही नाहीत.

दोन्ही गोष्टींची सांगड सहज घालता येते. प्रत्येक फेरीनंतर निबंध मिटायचा आणि कोऱ्या कागदावर लिहायचे : प्रश्न कोणता होता, मोजले काय आणि कसे, हाती काय लागले. मराठीत लिहिले तरी चालेल. शब्द अडला की इंग्रजी कच्चे आहे की संकल्पनाच, हेही तिथेच कळते. सुरुवातीला कागद अर्धा कोराच राहतो आणि धीर खचतो. सेंट लुईसच्या त्या दुसऱ्या गटालाही सगळे आठवत नव्हतेच, आणि त्यांना उतारा पुन्हा दाखवलाही नव्हता.