मागची लाज आणि देवावरचा भरवसा



आपण ज्या शहरात आज बसलो आहोत, तिथूनच सुरुवात करू. सिडकोची स्थापना १९७० ची. रेल्वे खाडी ओलांडून वाशीपर्यंत आली ती १९९२ मध्ये. म्हणजे इथली मूळची आगरी-कोळी घरं सोडली, तर आपण बहुतेक सगळे कुठून तरी आलेले. अशा नव्या शहराची एक सोय असते. इथे आपलं मागचं कुणाला ठाऊक नसतं. गावात कुणी घटस्फोटित, कुणी कर्जबुडवा, कुणाच्या घरातला मुलगा तुरुंगात जाऊन आलेला. इथे आलं की आपण नुसते 'बी विंगमधले' असतो.

पण सामानाचा टेम्पो रिकामा झाला, तरी एक वस्तू राहतेच. ती आपण आतून घेऊन आलेलो असतो. तिचं नाव लाज. गावचं कुणी सोसायटीच्या गेटवर दिसलं की छातीत धस्स होतं. तीस वर्षं झाली, तरी होतं. तिचं काय करायचं आणि देवावर भरवसा ठेवा असं आपली मंडळी सांगते त्याचा इथे नेमका अर्थ काय, हे आज आपण पाहू.

आधी शब्द नीट लावून घेऊ. अपराधाची जाणीव आणि लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी वाईट केलं' ही अपराधाची जाणीव. 'मीच वाईट' ही लाज. पहिलीचा संबंध कृतीशी आहे, दुसरीचा तोंडाशी. मराठी भाषेलाच हे कळलेलं आहे, पाहा. तोंड लपवणं, तोंड काळं करणं, तोंड दाखवायला जागा न उरणं. लाज ही चेहऱ्यावर येते, कारण तिला पाहणारा कुणीतरी लागतो. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात एक उदाहरण दिलं आहे. एक माणूस किल्लीच्या भोकातून आत डोकावतो आहे. तोवर त्याला काही वाटत नाही. मागे पावलांचा आवाज येतो, आणि क्षणात तो स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. तिथे लाज जन्मते. पुढे ती पावलं निघून गेली, तरी तो डोळा आत राहतो. 'लोक काय म्हणतील' यातले लोक बहुतेक वेळा आपल्या डोक्यातच राहत असतात.

म्हणून विसरून जा, असं सांगून काही होत नाही. गाव बदलूनही होत नाही. कुणाच्या तरी नजरेनं झालेली जखम कुणाच्या तरी नजरेनंच भरते.

फुलहॅममधला एक प्रश्न

आता आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासातला एक प्रसंग सांगतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या भटकंतीत गेलेली, भाऊ गेलेला, नवरा गेलेला. पदरी लहानगी मनोरमा. वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. त्या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आश्रय मिळे. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. त्यांना फार आश्चर्य वाटलं. अशा स्त्रियांना जवळ घेणं आणि त्यांना प्रेमानं वागवणं त्यांनी यापूर्वी पाहिलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी एका भगिनीला विचारलं, की तुम्ही लोक यांची इतकी काळजी का घेता? त्या भगिनीनं उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष छापली, तीत हा प्रसंग आहे. चोवीस वर्षांनीही त्यांना तो आठवत होता.

ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे नीट ऐकत नाही. याकोबाची विहीर. भर दुपार. पाण्याला बायका सकाळी किंवा संध्याकाळी जातात, ही दुपारी एकटी आलेली. का, ते शास्त्र सांगत नाही. पण ज्यांनी गावात पाणी भरलं आहे, त्यांना अंदाज येईल. तिचे पाच नवरे झालेले, आणि आता जो आहे तो नवरा नाही. प्रभू येशूला हे सगळं माहीत आहे, आणि तो ते बोलूनही दाखवतो.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, आपले उपदेशक तिला सर्रास पापिणी म्हणतात, पण तिचे नवरे मेले की त्यांनी तिला टाकलं, हे तिथे लिहिलेलंच नाही. सोडचिठ्ठी देणं त्या समाजात प्रामुख्यानं पुरुषाच्या हातात होतं. आणि त्या संपूर्ण संभाषणात 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' असं वाक्य येत नाही. दुसरी गोष्ट, संभाषण सुरू कसं होतं? येशू तिच्याकडे पाणी मागतो. जिच्या हातचं पाणी कुणी घेऊ नये, तिच्याकडे तो हात पसरतो. शेवटी ती घागर तिथेच टाकून गावात धावते. ज्यांना चुकवण्यासाठी बहुधा ती दुपारी आली होती, त्याच लोकांकडे जाते आणि सांगते, की ज्यानं माझं सगळं सांगितलं त्याला येऊन पाहा. तिचं मागचं पुसलं गेलं नाही. ते आता ती स्वतःच्या तोंडानं सांगू शकते, एवढा फरक पडला. पण सगळा फरक त्यातच आहे.

रमाबाईंनी हे वाचलं आणि पुढे केडगावला उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि बाया आणल्या. त्यातल्या कित्येकींवर अत्याचार झालेले होते, कित्येकी दलालांच्या तावडीतून सुटलेल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या त्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं, आणि 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं कृपा सदन. नाव पाहा, कृपा. सुधारगृह नव्हे. आणि तिथे त्या बायांना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना, सगळं त्यांच्या हाती दिलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद केला, तो त्याच छापखान्यात तिथल्या मुलींच्या हातून छापला गेला. जगानं ज्यांचं तोंड पाहायचं नाकारलं, त्यांच्या हाती देवाचं वचन जुळवायला दिलं. येशूनं पाणी मागितलं होतं, तसंच हे.

भरवसा कोण कुणावर ठेवतो?

'देवावर भरवसा ठेवा' असं आपण म्हणतो. पण या गोष्टींत क्रम उलटा दिसतो. आधी देवच त्या लाजलेल्या माणसावर भरवसा ठेवतो. पेत्राचं पाहा. कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना त्यानं तीनदा प्रभूला नाकारलं. पुढे पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी तो येतो, तेव्हा तिथेही कोळशाचाच विस्तव पेटलेला आहे. योहानाच्या पुस्तकात हा विस्तव या दोनच ठिकाणी येतो. प्रभू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनही वेळा त्याच्या हाती काम देतो, मेंढरं सांभाळण्याचं. जिथे जखम झाली त्याच वासात, त्याच उजेडात.

आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू दारूच्या आहारी गेले होते. आम्ही नुकते प्राध्यापक झालो होतो. एकदा ते चुरगळलेल्या कपड्यांत कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. सोबतच्या सहकाऱ्यानं विचारलं, "कोण हो?" आम्ही म्हणालो, "गावाकडचे आहेत, ओळखीचे." दादांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. आम्हाला शिकवायला त्यांनीच शाळा सोडली होती. पुढे चार वर्षांत ते गेले. आम्ही पुष्कळ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, नीतिशास्त्राचे तास घेतले, आणि ही गोष्ट घरात बायकोलाही सांगितली नाही. साठी उलटल्यावर सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मला दादांनी त्या वेळीच सांगितलं होतं. म्हणाले, त्याला बोलू नकोस, त्याला लागेल." म्हणजे आम्ही जे लपवत होतो, ते इतकी वर्षं पाहिलं गेलेलं होतं, आणि पाहणाऱ्यानं आम्हाला टाकलं नव्हतं. देवाची नजर म्हणजे काय, ते आम्हाला त्या रात्री थोडंसं कळलं.

तीन गैरसमज

आता तीन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

पहिली. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची लाज आणि ज्यानं अन्याय केला, त्याची लाज एक नाही. अत्याचार सोसलेल्या मुलीला 'पश्चात्ताप कर, क्षमा माग' असं सांगणं हा दुसरा अत्याचार आहे. तिनं काहीच केलेलं नाही. तिला क्षमेची गरज नाही, तिचं तोंड तिला परत मिळण्याची गरज आहे. मंडळीनं हा फरक शिकलाच पाहिजे.

दुसरी. ज्यानं खरंच वाईट केलं, त्याला क्षमा मिळाली म्हणून हिशेब संपत नाही. जक्कय झाडावरून उतरला, येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि मग जक्कयानं लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचं कबूल केलं. क्रम लक्षात ठेवा. आधी पंगत, मग परतफेड. पण परतफेड आहेच.

तिसरी. काही माणसं म्हणतात, देव क्षमा करत असेल, पण मला स्वतःला क्षमा करणं जमत नाही. डेन्मार्कचे तत्त्वज्ञ कीर्केगार्द यांनी १८४९ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. क्षमेबद्दल निराश होणं हे वरून नम्रतेसारखं दिसतं, पण आत त्यात गर्व असतो. माझा गुन्हा देवाच्याही आवाक्याबाहेर आहे, असं त्यात म्हटलेलं असतं. उधळ्या पुत्रानं घरी येताना भाषण पाठ केलं होतं, मला चाकर म्हणून ठेव असं सांगायचं. बापानं ते वाक्य त्याला पुरं करूच दिलं नाही.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. जे लपवलं आहे ते आधी प्रार्थनेत देवाला स्पष्ट शब्दांत सांगा, गोलमाल नको. मग एका विश्वासू माणसाला सांगा. ते माणूस नीट निवडा. गावगप्पा करणारं नको. आणि आपल्या हाती आलेलं काम, मला अधिकार नाही असं म्हणून परत करू नका. स्वतः रमाबाईंनी लिहिलं आहे, की बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. तेव्हा वेळ लागला, तर घाबरू नका.

आणि ज्यांना आज स्वतःची लाज नाही, त्यांच्यासाठी एकच काम सांगतो. आपल्या इमारतीत, आपल्या मंडळीत कुणीतरी दुपारच्या वेळी एकटं पाण्याला येत असेल. त्याला उपदेश करू नका. त्याच्याकडे काहीतरी मागा. वाटीभर साखर मागा, मुलाला गणित शिकवाल का विचारा, रविवारी वाचन कराल का विचारा. प्रभूनं सुरुवात तिथूनच केली होती.