'मॅनलिफ्ट' म्हणजे बिल्डिंगची लिफ्ट नव्हे

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा मागच्या महिन्यात अब्बांना घेऊन घरी आला. एजंटने कतारच्या कामाचा कागद दिला होता. त्यावर 'मॅनलिफ्ट ऑपरेटर' असं लिहिलेलं. अब्बांना वाटलं, हॉटेलात लिफ्टमनची नोकरी आहे, एसीत उभं राहून बटणं दाबायची. असा घोळ आपल्या अनेक घरांत होत असेल, म्हणून आम्ही हे लिहितोय.

आधी फरक लक्षात घ्या. क्रेन माल उचलते, मॅनलिफ्ट माणूस उचलते.

क्रेनमध्ये उंच इमारतीला लागून उभी असते ती टॉवर क्रेन. रस्त्यावर लोखंड लटकवून चालताना दिसते ती आपल्याकडची हायड्रा. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर सरकते ती क्रॉलर. 50 टनांची क्रेन म्हणजे कुठेही 50 टन उचलेल, असं मात्र नाही. वजन क्रेनच्या जवळ असेल तरच ती तेवढं पेलते. लांब हात पसरला की ताकद झपाट्याने कमी होते. पाण्याची बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, लगेच कळेल. या हिशेबाचा तक्ता प्रत्येक क्रेनसोबत असतो.

दुसरा शत्रू वारा. 11 सप्टेंबर 2015 ला मक्केत मस्जिद-ए-हरामच्या विस्ताराच्या कामावरची क्रॉलर क्रेन वादळात कोसळली, शंभराहून जास्त जीव गेले. काम बंद असताना तिचा लांब हात खाली घ्यायला हवा होता, तो वरच होता.

आता मॅनलिफ्ट. कात्रीसारखी उघडत सरळ वर जाते ती सिझर लिफ्ट. तिला सपाट, कडक जमीन लागते. रंगकाम, वायरिंग, मॉलच्या छताचं काम तिच्यावर चालतं. बूमलिफ्टला लांब हात आणि टोकाला टोपली असते. काहींचा हात कोपरासारखा वाकतो, म्हणजे पाइपांच्या पलीकडेही पोचता येतं. टोपलीत सहसा दोन माणसं आणि अवजारं, बस्स. बाहेर वापरायच्या अनेक मशिनांना वाऱ्याची मर्यादा सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर असते. आत वापरायच्या काही सिझर लिफ्ट तर वाऱ्यात नेताच येत नाहीत.

बूमलिफ्टमध्ये पट्टा का बांधतात? चाक खड्ड्यात गेलं तर वरची टोपली गलोलीसारखी झटका देते आणि माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून हार्नेसची दोरी आखूड ठेवून टोपलीतल्याच हुकाला अडकवायची. शेजारच्या खांबाला कधीच नाही! मशीन हलली तर माणूस खेचला जाईल. आणि खाली एक जण असा हवा, ज्याला जमिनीवरच्या कंट्रोलने टोपली उतरवता येते. वरचा बेशुद्ध पडला तर दुसरं कोण उतरवणार?

क्रेनच्या हुकाला पाळणा लावून माणसं वर नेतात, तेही पाहायला मिळतं. ती अगदी दुसरा मार्ग नसतानाची गोष्ट. माल उचलायच्या हुकावर 'चल, चढ' म्हणणाऱ्या फोरमनला नाही म्हणायचं.

त्या मुलाला आम्ही एजंटकडे परत पाठवलं, तीन प्रश्न देऊन: मशीन सिझर की बूम? ट्रेनिंग आणि ऑपरेटर कार्ड कंपनी देणार का? कार्डाचा खर्च पगारातून कापणार का? पहिल्या दोन्हीची उत्तरं आली आहेत. तिसऱ्याचं अजून आलेलं नाही, आणि ते लेखी आल्याशिवाय पासपोर्ट द्यायचा नाही, असं अब्बांनी ठरवलंय.