काटा लाल रेषेकडे झुकण्यापूर्वी...
उन्हाळ्यातील लांबचा प्रवास, बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी आणि ऊसवाहतुकीची गर्दी. मोटारीच्या इंजिनाची शीतकरण यंत्रणा कशी सांभाळावी?

बारामती : एप्रिल-मे महिन्यांत बारामती आणि इंदापूर परिसरात पारा चाळिशीपार जातो आणि पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी दिसू लागतात. दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात ऊन हे निमित्त असते. महिनोन्महिने दुर्लक्षित राहिलेली शीतकरण यंत्रणा त्या दिवशी उघडी पडते, इतकेच.

उष्णता जाते कुठे?

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामी येतो. जवळपास तितकीच उष्णता सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जाते. उरलेली बाहेर काढण्याची जबाबदारी मुख्यत्वे शीतकरण यंत्रणेवर असते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरचे छोटे इंजिन नुसत्या हवेने थंड राहते. मोटारीच्या मोठ्या इंजिनाला मात्र हवेच्या जोडीला द्रवाचीही गरज भासते.

इंजिनाच्या पोकळ्यांतून कूलंट फिरते, उष्णता शोषते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन ती हवेला देते. हा प्रवाह वॉटर पंप खेळता ठेवतो. थर्मोस्टॅट नावाची झडप इंजिन थंड असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडते. इंजिन फार थंड राहणेही चांगले नसते. इंधन नीट जळत नाही आणि झीज वाढते.

रेडिएटरचे झाकण दिसते साधे, पण त्याचे काम मोलाचे आहे. त्यातील स्प्रिंगमुळे यंत्रणेत वातावरणापेक्षा साधारण एक बार अधिक दाब राहतो. प्रेशर कुकरप्रमाणे या दाबामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. शंभर अंशांना उकळणारे साधे पाणी अशा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर झिजले, की दाब टिकत नाही आणि एरवी निर्धोक असलेल्या तापमानालाही उकळी फुटते. किरकोळ किमतीचे हे झाकण बदलल्याने अनेकदा मोठा खर्च वाचतो.

पाण्याचा दोष

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तसेच विहिरी व बोअरवेलच्या पाण्यातही क्षारांचे प्रमाण अधिक आढळते. हे पाणी तापविल्यावर भांड्याच्या तळाशी जसा पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोकळ्यांत धरतो. हा थर उष्णता अडवितो आणि नळ्या अरुंद करतो. शिवाय नुसत्या पाण्यामुळे ॲल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी भाग आतून गंजतात.

कूलंटमधील ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढविते, तर त्यातील इतर रसायने गंज रोखतात. ही रसायने कालांतराने निष्प्रभ होतात. म्हणूनच पातळी पूर्ण दिसत असली, तरी वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत कूलंट बदलणे आवश्यक ठरते. संहत कूलंट पातळ करण्यासाठी बॅटरीसाठी मिळणारे क्षारविरहित पाणी वापरावे. तयार मिश्रणात पाणी घालू नये. नुसत्या रंगावरून कूलंट निवडणे चुकीचे आहे. हिरवा, गुलाबी किंवा निळा हा रंग कंपनीगणिक बदलतो आणि भिन्न रसायनांची सरमिसळ झाल्यास गाळ धरू शकतो. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट लहान मुले व जनावरांपासून दूर ठेवावे.

लक्षणांवरून निदान

गाडी कधी तापते, यावरून दोषाची दिशा कळते. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते, तेव्हा वाहने मुंगीच्या गतीने सरकतात. अशा वेळी काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंख्यावर संशय घ्यावा. वेगात धावताना समोरची हवाच रेडिएटर थंड करते. थांबल्यावर सारी भिस्त पंख्यावर असते. बहुतेक गाड्यांत एसी सुरू केल्यावर पंखा फिरू लागतो. तो न फिरल्यास फ्यूज, रिले व मोटर तपासावी.

याउलट गावात ठीक चालणारी गाडी महामार्गावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असणे, कूलंट कमी असणे किंवा पंप अशक्त होणे यांपैकी एखादे कारण संभवते. गळीत हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून जाताना उडणारी धूळ आणि पाचटाचे तुकडे रेडिएटरच्या जाळीत अडकतात. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात.

इंजिन सुरू करताच काही मिनिटांत काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो; बराच वेळ तो खालीच राहिला, तर उघड्या अवस्थेत. टाकीतील पातळी वारंवार घटते, पण गळती दिसत नाही, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ होते, ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे आहेत. अशी गाडी न चालविता गॅरेजपर्यंत ओढून न्यावी. दुर्लक्ष केल्यास हेड वाकते आणि प्रसंगी इंजिनच जाम होते.

वाटेत गाडी तापल्यास

काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. त्रास होतो, पण इंजिनाची काही उष्णता त्यावाटे बाहेर पडते. तरीही काटा उतरला नाही किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी गाडी घेऊन इंजिन बंद करावे. वाफ येत असल्यास ती ओसरेपर्यंत बॉनेट उघडू नये.

या वेळी होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे गरम रेडिएटरचे झाकण फिरविणे. दाब अचानक सुटताच उकळते द्रव कारंज्यासारखे उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा होज हाताला थंड लागल्यावरच जाड फडक्याने झाकण सावकाश उघडावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावेच लागले, तर नंतर यंत्रणा धुऊन योग्य कूलंट भरून घ्यावे.

काट्यावर पूर्ण विसंबूनही चालत नाही. कूलंट संपूर्ण गळून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

प्रवासापूर्वी पाच मिनिटे

* इंजिन थंड असताना टाकीतील पातळी किमान व कमाल रेषांमध्ये आहे का, ते पाहावे.
* होज दाबून पाहावेत. फुगलेले, तडकलेले किंवा लिबलिबीत झालेले होज बदलावेत. क्लिपा घट्ट कराव्यात.
* बेल्टला चिरा आहेत का, सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो का, हे तपासावे.
* रात्रभर उभ्या गाडीखाली रंगीत ओल दिसल्यास गळती शोधावी.
* कूलंट तांबूस वा गढूळ दिसल्यास मेकॅनिककडून यंत्रणा धुऊन घ्यावी.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर वाढत आहेत. त्यांपैकी अनेकींच्या बॅटरीलाही कूलंट लागते आणि त्याचा प्रकार वेगळा असतो. तेव्हा इंजिन गेले, तरी कूलंटची टाकी पाहण्याची सवय मोडून चालणार नाही.