तोंडओळखीतून मिळणारी नोकरी

यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक महाविद्यालयातून कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या मुलाला घरी पहिला प्रश्न येतो: पुण्यात आपलं कोण आहे? मग मामा आठवतो, चुलतभाऊ आठवतो. जवळचा माणूसच कामाला येणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं हीच समजूत तपासून पाहिली. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, खबर देणारा माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणारे होते आणि २७.८ टक्के तर वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारे! १९७३ साली हे छापून आलं. जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसं नोकरीपर्यंत पोचवतात, हे वाचून मी तरी थक्क झालो.

कारण मात्र आपल्या मोबाइलमध्येच सापडतं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. 'ऑफ-कॅम्पस ड्राइव्ह, लोकेशन पुणे' अशी एक लिंक येते आणि तासाभरात तीच लिंक हॉस्टेलच्या ग्रुपवर, प्रोजेक्टच्या ग्रुपवर, सीनियरच्या स्टेटसवर दिसते. आपले जिवलग एकमेकांचेही जिवलग असतात, म्हणून आपल्याला ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक. नवी खबर येते ती आपल्या घोळक्याबाहेरच्या माणसाकडून.

२०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात याची भलीमोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळानं पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांना सुचवल्या जाणाऱ्या ओळखी कमीजास्त करून पाहिल्या होत्या. अगदी घट्ट ओळख नोकरीला सर्वांत कमी उपयोगी पडली. अगदी विरळही नाही, पण बरीच पातळ अशी ओळख सर्वांत जास्त. आणि हा परिणाम डिजिटल क्षेत्रात अधिक ठळक होता. याउलट मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या गावची, नात्यातली माणसं भरायचा, तिथं घट्ट नातंच भाकरी मिळवून द्यायचं. कॉम्प्युटरच्या धंद्याची रीत वेगळी आहे.

पण यवतमाळात बसून बेंगळुरूच्या किंवा बर्लिनच्या माणसाशी तोंडओळख व्हायची कशी? माझ्या मते याचं सर्वांत सुंदर उत्तर ओपन सोर्समध्ये आहे. तिथं प्रोग्रामचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असतो. तुम्ही त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवता, कुठला तरी अनोळखी जाणकार ती ओळ न् ओळ तपासतो, बदल सुचवतो, शेवटी स्वीकारतो. गिट नावाची प्रणाली त्याची नोंद ठेवते: नाव, ईमेल, तारीख, वेळ आणि पुढे '+०५३०', म्हणजे भारतीय वेळ. कॉलेजचं नाव नाही, टक्के नाहीत, जिल्हा नाही! यवतमाळचा मुलगा आणि आयआयटीचा मुलगा त्या नोंदीत शेजारी शेजारी उभे असतात. आणि तपासणाऱ्याला तुमचा चेहरा माहीत नसला तरी तुमचं काम पक्कं माहीत झालेलं असतं. शिफारस करायला त्याला आणखी काय हवं?

'गूगल समर ऑफ कोड' हा उपक्रम २००५ पासून अशाच कामासाठी घरबसल्या मानधन देतो. २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याचीही अट नाही. इंग्रजीची धास्ती असेल तर फायरफॉक्सच्या मराठी भाषांतरापासून सुरुवात करा, तेही स्वयंसेवकच करतात.

शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. ज्यातली चूक तुम्हाला खरोखर कळते असा एखादा छोटा प्रोग्राम निवडा, सौजन्यानं प्रश्न विचारा, इतरांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. उत्तर यायला कधी आठवडे लागतील, धीर धरा. आणि नोकरीच्या नावाखाली कुणी रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.