अक्कलदाढ: खुर्चीची भीती आणि चौथ्या दिवसाचा ठणका

मुलुंडच्या दवाखान्यात माझी डावीकडची खालची अक्कलदाढ काढायचं ठरलं आणि त्याच संध्याकाळी घाटकोपरहून आत्याचा फोन आला. ‘‘अरे, आधीच एवढा जाड चष्मा तुझा. दाढ काढलीस तर आहे ती नजरही जाईल!’’ आत्याला हे तिच्या आईने सांगितलेलं आणि आईला तिच्या सासूने. दाढ काढायच्या प्रत्येक घरात निदान एक माणूस तरी हे सांगणारा असतोच.

या समजुतीला धागा आहे, पण तो डोळ्यापर्यंत पोचत नाही. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या तीन शाखा असतात. एक कपाळ आणि डोळ्याभोवतीच्या भागाची, दुसरी गाल आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची. खोड एकच असल्याने वरची दाढ ठणकायला लागली की कळ कानशिलात आणि डोळ्यामागे जाते. माणसाला वाटतं, दाढ आणि डोळा जोडलेले आहेत. पण बघण्याचं काम करणारी नस अगदी वेगळी असते आणि दाढेशी तिचा काही संबंध नसतो. शिवाय मागच्या पिढीत दाढा काढायची वेळ यायची पन्नाशीत. मोतीबिंदूही त्याच सुमाराला. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी घडल्या आणि बिल दाढेच्या नावावर फाटलं.

अकलेचाही तिच्याशी संबंध नाही, एवढं सांगून पुढे जातो. साधारण १७ ते २५ या वयात, म्हणजे शहाणपण यावं अशी घरच्यांची अपेक्षा असते तेव्हा, ती उगवते म्हणून हे नाव पडलं. अरबी आणि लॅटिनमध्येही ती शहाणपणाचीच दाढ आहे. जगभरात साधारण पाचांतल्या एका माणसाला चारपैकी निदान एक अक्कलदाढ येतच नाही, आणि त्याचं काही अडत नाही.

आता खरा प्रश्न: काढायची की ठेवायची? इथे दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. ‘अक्कलदाढ म्हणजे काढायचीच’ हे एक टोक. ती सरळ आली असेल, समोरच्या दाढेशी नीट मिळत असेल आणि तिथपर्यंत ब्रश पोचत असेल, तर तिला हात लावायचं कारण नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की हाडात अडकलेली पण कुठलाही आजार नसलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. अर्थात ठेवलेल्या दाढेवर लक्ष ठेवावं लागतं, ते वेगळं. ‘अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते आणि ते वाकडे होतात’ हेही पालक ठामपणे सांगतात. ब्रिटनमध्ये काही मुलांच्या दाढा काढून, काहींच्या तशाच ठेवून सरासरी साडेपाच वर्षं पाहिलं गेलं. १९९८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पुढच्या दातांच्या गर्दीत म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा केवळ या कारणासाठी कुणी दाढ काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

दुसरं टोक जास्त महागात पडतं: ‘गोळ्या घेतल्या, दुखायचं थांबलं, आता कशाला काढायची?’ मी स्वतः दोन वर्षं हेच केलं. खालची दाढ अर्धवट बाहेर येते आणि उरलेल्या भागावर हिरडीची झालर राहते. त्या झालरीखाली पोह्याचा तुकडा, भाताचं शीत, भाजीचा रेषा असं काहीबाही जाऊन बसतं. ब्रश तिथे पोचत नाही. मग हिरडी सुजते, तोंडाला वास येतो, गिळताना दुखतं आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. अँटिबायोटिकने जंतू तेवढ्यापुरते हटतात, पण झालर आणि तिच्याखालचा खिसा तिथेच असतो. महिन्या-दोन महिन्यांनी सगळं पुन्हा सुरू होतं. आडवी दाढ तर पुढच्या चांगल्या दाढेला टेकून तिलाही किडवते. पंचविशीनंतर हाड टणक होत जातं, मुळं पूर्ण वाढलेली असतात, जखमही सावकाश भरते. म्हणजे जी काढावी लागणार हे नक्की आहे, ती लांबवून फायदा काहीच नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण स्टेशनबाहेर काय मिळतं हे आपण सगळे जाणतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट लागताच आग व्हायला लागली, तर ‘अक्कलदाढ येत असेल’ म्हणून घरी बसू नका. तो गालाच्या आतलं अस्तर कडक होण्याचा आजार असू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

आता खुर्चीकडे. मी उपाशीपोटी गेलो होतो, कारण ऑपरेशन म्हणजे उपाशी राहायचं असं डोक्यात पक्कं होतं. डॉक्टरांनी आधी समोरच्या हॉटेलात इडली खाऊन यायला पाठवलं. पूर्ण भूल द्यायची असेल तर उपाशी राहायचं. नुसती जागा बधिर करायची असेल तर नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन जायचं. मग इंजेक्शन. अर्धा ओठ आणि जीभ जड झाली. त्यानंतर दुखलं नाही, पण दाब मात्र चांगलाच जाणवला. हा फरक कुणीतरी आधी सांगायला हवा. बधिरतेत कळ थांबते, ओढाताण कळतच राहते. माझी दाढ आडवी होती, म्हणून त्यांनी ती जागच्या जागी कापून दोन तुकड्यांत काढली. कापलेली दाढ फुटली तेव्हा ‘कट्’ असा आवाज आला. तो कानाने नाही, कवटीतून ऐकू आला. मी हात उचलला. ‘‘दुखतंय?’’ नाही. ‘‘मग घाबरताय. थांबू दोन मिनिटं.’’ पाऊण तासात टाकेही घालून झाले. वरची सरळ दाढ असेल तर काही मिनिटांतच उरकतं.

खरा धोका विचारायचा असेल तर डोळ्यांचा नाही, ओठाचा विचारा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते आणि काहींच्या दाढेची मुळं तिला चिकटून असतात. तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते; बधिरता कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. म्हणून आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढतात. ‘माझी मुळं नसेपासून किती लांब आहेत?’ हा प्रश्न त्या फिल्मकडे बोट दाखवून विचारावा.

आपण सगळी भीती त्या पाऊण तासासाठी खर्च करतो आणि घरी येऊन निर्धास्त होतो. गडबड तिथे होते. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच जखमेची खपली. ती निघाली तर हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाढेत शंभरात दोन ते पाच जणांना, आणि खालच्या अडकलेल्या दाढेत त्याहून बऱ्याच जास्त लोकांना हे होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळं ठीक वाटत असतानाच, कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो.

ही गुठळी आपणच काढतो. लालसर लाळ दिसली की घाबरून थुंकत राहतो, लगेच मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरतो. लालसर लाळ पहिला दिवसभर येणारच, ती गिळा. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा चोवीस तासांनंतर, आणि तोंडात पाणी नुसतं हलवायचं. शहाळं पौष्टिक खरं, पण स्ट्रॉने ओढू नका. पेल्यात ओतून प्या. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. आणि तो गरम शेक! गाल सुजला की आपल्याकडे तव्यावर फडकं तापलंच. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावायचा, थोड्या-थोड्या वेळाने, शेक नंतर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते, म्हणून तिसऱ्या दिवशीचा आरसा मनावर घेऊ नये. खायला गुरगुट्या भात, गार केलेली पेज, ताकभात, आणि हो, आईस्क्रीम. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा नको.

दाढेत लवंग धर, असंही आत्याने सांगितलं होतं. त्याबद्दल मात्र ती अर्धी बरोबर निघाली. ड्राय सॉकेट झालं तर डॉक्टर जखम धुऊन जी औषधी पट्टी भरतात, तिच्यात बहुधा लवंगेतलंच युजेनॉल असतं. पण घरी ताज्या जखमेत लवंग कोंबली किंवा हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवली, तर हिरडी भाजते.

मधुमेहींची दाढ काढताच येत नाही, हेही खोटं. साखर आटोक्यात असली म्हणजे झालं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाला दाढेच्या रक्तापेक्षा गोळी थांबवण्याचा धोका मोठा. हाडं ठिसूळ म्हणून आजीला आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते आधी सांगा, जबड्याचं हाड भरायला अडचण येऊ शकते. पावसाळ्यात नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर तेही.

सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच मोठं रुग्णालय गाठा.

खासगीतला खर्च परवडत नसेल तर अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आहे, आणि मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. रांग असते, म्हणून सकाळी लवकर निघा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. परतीला मात्र गर्दीची लोकल धरू नका. मी दुसऱ्या दिवशी धरली होती, आणि ठाण्याला चढणाऱ्या एकाचं कोपर नेमकं डाव्या गालावर बसलं.