तार गेली, 07184 राहिला!

भंडाऱ्यात पाऊस लागला की आमच्या दुकानातला लँडलाइन खरखरायचा. शेवटी फायबर घेतलं. 07184 या एसटीडी कोडचा नंबर तोच, फोनचा डबाही तोच. फक्त वायर मोडेमच्या 'फोन' लिहिलेल्या खाचेत खोचली.

बदलणार असाल तर:

🔌 तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचे 48 व्होल्ट यायचे, म्हणून वीज गेली तरी फोन चालायचा. मोडेमला घरची वीज लागते. मिनी यूपीएस घ्याच, पण आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा.

📶 एका कॉलला साधारण 100 केबीपीएस पुरतात.

📞 मोबाइलला लावताना आधी 0 दाबा. जानेवारी 2021 पासून लँडलाइनला हा नियम आहे.

☎️ जुनं कनेक्शन तोडण्याआधी 'नंबर तोच राहील ना?' हे विचारून घ्या. पाटीवर, बिलबुकावर तोच छापलेला असतो!