हाडाचे मोल आणि काठाची साक्ष

५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या हथनोरा गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना दगडगोट्यांच्या घट्ट थरात मानवी कवटीचा अर्धा भाग सापडला. त्याची ओळख सहजासहजी पटली नाही. प्रथम त्याची गणना होमो इरेक्टसमध्ये झाली; १९९१ मध्ये केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आदिम होमो सेपियन्सचा ठरविला. त्याच्या वयाविषयी आजही एकमत नाही.

परंतु वाद घालावयास आधार आहे, कारण तो कोणत्या थरातून निघाला हे ठाऊक आहे. नदीकाठी मिळालेले अश्मीभूत हाड हाताला जड लागते. दाढ असल्यास ती हत्तीची की रानबैलाची, हे जाणकार तिच्या कंगोऱ्यांवरून सांगतात. ते किती जुने, याची साक्ष मात्र भोवतीची वाळू, गोटे आणि सोबतची हाडेच अधिक भरवशाने देतात. कौतुकाने घरी नेलेले हाड शोभेची वस्तू होते आणि त्याची निम्मी साक्ष काठावरच राहते. बेसुमार वाळूउपशात तर काठच नाहीसा होतो. वाळूचा भाव ठरविताना ही हानी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

असे हाड दिसल्यास ते न उचलता जागेची खूण करावी, छायाचित्र घ्यावे आणि भूवैज्ञानिकांना कळवावे. या संयमास खर्च काहीच येत नाही. तो न पाळल्यास होणारे नुकसान मात्र कोणत्याही किमतीने भरून निघणारे नाही.